डमास्कसच्या पट्टीचं टोक

"काका, भट्टी कुठंय?"

भांडुपमधल्या माझ्या गाळ्यात पहिल्यांदा पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो. त्याच्या डोक्यात ऐरण असते, घण असतो, ठिणग्या असतात आणि त्या ठिणग्यांमध्ये घामाने निथळणारा कोणी पैलवान असतो. प्रत्यक्षात समोर उभा असतो जाड चष्म्याचा, काडीसारखा एक रिटायर्ड फिटर. मी म्हणतो, "भट्टी नाही रे बाबा. ओव्हन आहे. तो बघ कोपऱ्यात." की चेहरा पडलाच. मुलुंडच्या टॉवरमधले एक गृहस्थ तर खास भट्टी दाखवायला चार पाहुणे घेऊन आले होते. ओव्हन बघून त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "ह्याच्यात तर आम्ही केक करतो." मी म्हटलं, "मीही केला असता, पण आमची बायको, मंगल, करू देत नाही." कोणी हसलं नाही. त्या दिवशी एकही चाकू विकला गेला नाही.

म्हणून आधीच सांगून टाकतो. ज्याला डमास्कस म्हणतात ते नक्षीचं पोलाद मी बनवत नाही, विकत आणतो. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक रचायचे, लालभडक तापवून ठोकून ठोकून एकजीव करायचे, मग पीळ द्यायचा आणि पुन्हा चपटं करायचं, हे काम करणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो. त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. माझ्याकडे कुरिअरने येते ती हातभर लांब, तीन बोटं रुंद, काळीकुट्ट पट्टी. तिच्यावर नक्षीबिक्षी काही दिसत नाही. गटारावर टाकायच्या लोखंडासारखी दिसते.

तिथून पुढचं काम माझं. पट्टीवर चाकूचा आकार आखायचा, करवतीने कापायचा, कानशीने कडा आणायच्या, मुठीच्या पिनांसाठी भोकं पाडायची, घासायच्या फिरत्या बेल्टवर धरून दोन्ही बाजूंनी उतार काढायचा. मग पातं गॅसच्या ज्योतीवर एवढं तापवायचं की लोहचुंबक चिकटेनासं होतं, आणि त्याच क्षणी तेलात बुडवायचं. ह्याला पाणी देणं म्हणतात. देतो तेल, पण म्हणायचं पाणीच. त्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं, म्हणून मग दोन तास त्या केकच्या ओव्हनमध्ये. शेवटी अ‍ॅसिड. त्यात एका जातीचं पोलाद काळं पडतं, दुसरं पांढरं राहतं, आणि इतका वेळ आत लपलेली नक्षी वर येते. इतक्या वर्षांत हे कितीदा पाहिलं असेल, पण पातं नळाखाली धरताना मी अजून श्वास रोखतो.

तीस वर्षं मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवले. केसाच्या जाडीची चूक झाली तरी वरून शिव्या यायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा हाताला एवढंच ठाऊक होतं की लोखंड कसं बोलतं. चाकूचा नाद लागला, नादाचा धंदा झाला. सुरुवातीला लोक मला "लोहार आर्टिस्ट" वगैरे म्हणायचे. मी दुरुस्त करायचो नाही. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अंधेरीच्या एका सल्लागाराने पाकिटं फोडायला चाकू करून घेतला आणि आठवड्याने फोन केला, "दादा, म्यानातून काढायची भीती वाटते, थोडा बोथट करून द्याल?" एकाला पात्याच्या नक्षीत बायकोचं नाव हवं होतं. त्याला म्हटलं, "बाबा रे, नक्षी माझ्या हातात नसते, तू वहिनींना साडी घे."

पण सगळंच हसण्यावारी गेलं नाही. अंधेरीच्याच एका हॉटेलच्या मोठ्या आचाऱ्याने सहा चाकू घेतले होते. पंधरा दिवसांत सगळे टेबलावर आणून टाकले. "दिसायला झकास आहेत यार, पण टोमॅटो कापत नाहीत, चेपतात." मी कानस घेऊन पात्यावर चालवली. कडक पोलादावर कानस घसरते, इथे कचाकच खात होती. वरून कीर्तन आणि आतून तमाशा! थर रचणाऱ्याने भंगाराचं मऊ लोखंड घुसवलं होतं. मी आचाऱ्याचे पाय धरायचे बाकी ठेवले, सहाच्या सहा चाकू बदलून दिले आणि पट्टीवाल्याला फोनवर अशा शिव्या घातल्या की शेजारच्या गाळ्यातले पटेल उठून बघायला आले. तेव्हापासून प्रत्येक नव्या पट्टीचा तुकडा आधी पारखून घ्यायचा नियम केला. चार लोकांत ती गोष्ट मी छाती फुगवून सांगायचो. आता कळतं, ती कबुली सोपी होती, कारण चूक दुसऱ्याची होती.

दुसरी गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही, म्हणजे ज्यांना सांगणं भाग होतं त्यांना सोडून. ती हिराबायची.

हिराबाय भांडुपगावच्या कोळीवाड्यातली. स्टेशनकडच्या मासळी बाजारात तिची बसायची जागा, तिच्या सासूपासून चालत आलेली. पहाटे धक्क्यावर जाऊन माल आणायची आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करायची. साठी ओलांडली होती, पण हात असा की सुरमईचे तुकडे फूटपट्टीने मोजून घ्यावेत. आमच्या मंगलची ती जुनी मासेवाली. तिची सुरी धार लावायला माझ्याकडे यायची. वर्षानुवर्षं घासून ती सुरी पार झिजली होती. एकदा ती म्हणाली, "मधू, आता ही पुरी झाली रे. मना एक चांगली करून दे. तुझ्या हातची."

तुझ्या हातची म्हटल्यावर मी चढलो. बाजारातल्या सगळ्या बायकांनी बघत राहावं अशी सुरी करायची ठरवली. नक्षीची. पण डमास्कसची अख्खी पट्टी तिच्यासाठी कापायला जीव होईना. फळीवर एका पट्टीचं उरलेलं टोक पडून होतं. बरोबर सुरीएवढं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पट्टीची दोन्ही टोकं कापून फेकायची असतात. ठोकताना टोकं लवकर थंड होतात, थर तिथे नीट धरत नाहीत. बाहेरून एकजीव, आत फट. हे मला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी मी ते शिकलो होतो. तरी हातात घेऊन पाहिलं, ठोकून आवाज ऐकला, आणि म्हटलं, एवढा चांगला तुकडा वाया का घालवा?

सुरी झाली. अ‍ॅसिडमधून काढून नळाखाली धरली, आणि नक्षी अशी उठली की मीच "वा" म्हटलं. मग एक रेघ दिसली. धारेपासून वर तिरकी, नखाएवढी. बाकीच्या रेघा वळत होत्या, ही सरळ होती. भिंग लावून पाहिली. नक्षीतलीच असेल, असं मनाला सांगितलं.

चीर आहे की नक्षी, हे तपासायला भिंग लागत नाही. पात्यावर रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. चीर असेल तर आत गेलेलं रॉकेल हळूहळू खडूवर येतं, ओली रेघ उमटते. दहा मिनिटांचं काम. टूलरूममध्ये मी हे शेकडो वेळा केलं होतं. खडू समोरच होता. मी तो घेतला नाही. खडू काय सांगेल हे आत कुठेतरी मला ठाऊक होतं, म्हणूनच घेतला नाही. मूठ बसवली, धार लावली आणि सुरी देऊन आलो.

हिराबायने ती बाजारभर मिरवली. खंडेनवमीला तिला झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. मंगल येऊन कौतुकाने सांगायची. मी म्हणायचो, "असू दे, असू दे."

पुढच्या वर्षी नारळी पुनवेनंतर मोठी मासळी यायला लागली, आणि एका दुपारी मंगल रिकामी पिशवी घेऊन घरी आली. "अहो, हिराबायचा हात कापला. मोठ्या घोळ माशाचं डोकं फोडत होत्या, वरून दांडक्याने ठोकत. सुरीच मोडली. मोडकं पातं डाव्या अंगठ्यात घुसलं. रक्त बघवत नव्हतं हो."

मी विचारलं, "सुरी कुठून मोडली?"

मंगलने माझ्याकडे असं बघितलं की मला अजून आठवतं. "हाताचं विचारा की आधी," ती म्हणाली.

अंगठा वाकवणारी शीर तुटली होती. टाके पडले, जखम भरली, पण अंगठा वाकेना. थोड्या दिवसांनी हिराबायची सून सुगंधा दोन तुकडे फडक्यात बांधून गाळ्यावर आली. "दादा, जोडता येईल काय? आईचा लय जीव हाय ह्या सुरीवर." मी मोडलेली कड उजेडात धरली. पोलाद ताजं मोडलेलं असेल तर ते साखरेसारखं दाणेदार चमकतं. वरचा अर्धा भाग तसाच चमकत होता. धारेकडचा अर्धा काळा होता. काळा म्हणजे जुना. ती चीर सुरी व्हायच्या आधीपासूनची, पट्टीवाल्याच्या भट्टीतली होती. माझी नखाएवढी रेघ तिथेच संपत होती.

"नाही जोडता येणार," मी म्हटलं.

"म्हाताऱ्या मानसानी एवढी मोठी मासली फोडायला जाऊच नये," सुगंधा म्हणाली. "सुरी वाकडी मारली असनार. नजर पन गेलीय आता." ती काही वाईट बाई नाही. तिला सासूची काळजी होती. मी एवढंच म्हणायचं होतं, "नाही गं, सुरीच फुटकी होती." म्हटलं नाही. तुकडे ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर बंद केला.

त्यानंतर मंगल बाजारातून रोज काहीतरी ऐकून यायची. हिराबायच्या जागेवर आता सुगंधा बसते. हिराबायला घरी बसवलंय, कोलंबी सोलायला. ती रोज म्हणते, मला एकदा बसू दे, उजवा हात तर चांगला आहे ना. मुलगा म्हणतो, आज अंगठा गेला, उद्या हात जाईल. बाजारातल्या बायका म्हणतात, हिराबायचा नेम गेला. पन्नास वर्षं त्या पाटावर काढलेली बाई, तिचा नेम गेला म्हणे! आणि नेम गेला नव्हता हे साऱ्या भांडुपमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस तोंडाला कुलूप लावून बसला होता.

रविवारी आम्ही बुद्धविहारात जातो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली जायला लागला. मी स्वतःशी हुज्जत घालायचो. मी खोटं कुठे बोललो? मला कोणी विचारलंच नाही. पण मनातला चोर वकील लावून सुटत नाही. खरं सांगायचं तर मला नावाची भीती होती. गाळ्याच्या भिंतीवर टांगलेले माझे चाकू बघायला लोक लांबून येत होते. मधूच्या सुरीने मासेवालीचा हात गेला, ही बातमी फुटली की माझी वाट लागली असती. चार महिने मी हे असं तोलत बसलो. एका पारड्यात त्या बाईची जागा, दुसऱ्यात माझं नाव. लाज वाटते लिहायला.

मग एका सकाळी हिराबाय स्वतःच गाळ्यात आली. डावा हात पदराखाली. दारातच उभी राहिली.

"मधू, तुझी वस्तू मोडली रे माझ्या हातून," ती म्हणाली. "एवढी प्रेमानी केली व्हतीस. चार महिनं तुला तोंड दाखवायला लाज वाटली मना."

ती आत आली आणि स्टुलावर टेकली. "आता मना एक हलकी करून दे. म्हातारीला झेपेल अशी. बारकी मासली तरी कापीन. घरात बसून मी मरून जाईन रे. सून म्हनते माझा हात चुकला. चुकलाच असंल. पन मना आठवतंय, मी सरळ मारली व्हती. सरळच मारली व्हती."

हे ती मला विचारत नव्हती. स्वतःलाच विचारत होती. चार महिने रोज विचारत असणार.

मी ड्रॉवर उघडला, फडकं सोडलं आणि दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले. "हिराबाय, हे काळं दिसतंय ना? ही चीर आधीपासून होती. तू सरळच मारलीस. सुरी फुटकी होती."

तिने तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला. माशाच्या कल्ल्यात ताजेपणा बघावा तसा निरखून बघितला. मग शांतपणे विचारलं, "तुला ठावं कवा झाला?"

इथे मला अजून एक पळवाट होती. सुगंधाने तुकडे आणले तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं. तेही अर्धं खरंच होतं.

"देतानाच शंका होती," मी म्हटलं. "रेघ दिसली होती. तपासली नाही. आणि मोडल्यावर खात्री झाली, तरी बोललो नाही."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोळणीच्या शिव्या मी ऐकलेल्या आहेत, त्या सोसता येतात. तिने पदर सरळ केला, वाकत नसलेला अंगठा दुसऱ्या हातात धरला. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. मग उठली.

"चल."

"कुठे?"

"बाजारात. मना सांगून काय उपयोग? मना ठावंच व्हता. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग."

आम्ही चालत गेलो. ती पुढे, मी फडकं घेऊन मागे. अकराची वेळ, बाजार भरलेला. सुगंधा पाटावर बसून बोंबील मांडत होती. हिराबाय तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ए बायांनो, हा काय सांगतोय ते ऐका."

मी कधी चार माणसांपुढे भाषण केलेलं नाही. तुकडे वर धरले आणि जसं सुचलं तसं सांगितलं. पट्टीचं टोक फेकायचं असतं, मी फेकलं नाही. चीर होती, मी बघितली. हिराबायचा हात चुकला नाही, चूक माझी आहे. तिने सरळ मारली होती. पाण्याचा नळ चालू होता तो कोणीतरी बंद केला. गिऱ्हाइकं पिशव्या धरून थांबली. तुकडे ह्या हातातून त्या हातात गेले, प्रत्येकीने ती काळी कड बोटाने चाचपून बघितली.

समोरच्या पाटावरची एक धिप्पाड बाई म्हणाली, "मंग चार महिनं काय तोंडात बोंबील धरला व्हतास काय रं?"

दोघी-तिघी हसल्या. मी मान खाली घातली.

सुगंधा रडवेली झाली होती. "आई, मी तुला काय काय बोलले," एवढंच म्हणाली आणि पाटावरून उठून बाजूला झाली. हिराबाय बसली. पाय दुमडले, पाट थोडा डावीकडे सरकवला, पाटीवर पाणी मारलं. सुनेची दुकानातली साधी सुरी हातात घेऊन तोलून बघितली. मग एक मोठी सुरमई पुढे ओढली. डावा अंगठा वाकत नव्हता, म्हणून मनगटाने मासा दाबून धरला. पहिला तुकडा तिरका गेला. दुसरा बरा आला. तिसऱ्यापासून मला फरक कळेना.

मी तिथेच उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं. शेवटी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "हिराबाय, मी नवीन करून देतो. साध्या पोलादाची. नक्षी नको, काही नको. तुझ्यासमोर खडू लावून तपासतो. अंगठ्याला जमेल अशी मूठ करतो."

तिने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. भाव सांगावा तसं सरळ सांगितलं.

"नको. तुझ्या हातची नको."

आणि माझ्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाली, "बोल गं ताय, तुकडं करू का सबंध नेतेस?"